मायच्या हाकेचा रंग

डोळे मिटा, बाळांनो, आणि वैनगंगेच्या काठावर उभे राहा. फाल्गुनाची उतरती दुपार आहे. नदी रोडावलेली, वाळू तापलेली. आणि पैलतीरी पळसांचा अग्निवर्ण जाळ, ना धूर, ना राख.

त्या केशरी जाळाकडे सुकेशनीची माय आता पाहत नसे. तिच्या डोळ्यांतला उजेड थेंबाथेंबानं पाझरून चालला होता. शहरातल्या डॉक्टरांनी हात टेकले होते. हा उजेड पंधरा दिवस टिकेल, फार तर. तेवढ्यात मायला आपलं एक चित्र दाखवायचं, एवढंच त्या दहा वर्षांच्या पोरीला हवं होतं.

ती डोमाजी आबांकडे गेली. नाटकांचे पडदे रंगवण्यात त्यांचं आयुष्य सरलं होतं : राजमहाल, रानवाटा, चांदणभरल्या रात्री.

"मले झाड काढाचं हाय, आबाजी."

"झाड नको. बारीकसारीक पाहाचं बळ तिच्या डोळ्यांत कुठं हाय? नुसता रंग काढ, मोठ्ठा. तुई माय हाक मारते नं, त्या हाकेचा रंग कोणता?"

पोर हसली. मग म्हणाली, "पिवळा. रागावली की कडेनं लाल."

"मंग वाट कोनाची पाहतं?"

जुन्या पडद्याच्या कापडावर तिनं पिवळा ओतला. हळदपिवळा, ऊनपिवळा, कडेनं कुंकुमलाल. आकार नव्हता, नाव नव्हतं. नुसती हाक होती, अंगणभर पसरलेली.

पण घाईत तिनं रंगाची भुकटी साध्या पाण्यात कालवली. सरस घालायचा राहिला, आणि त्या चिकट सरसावाचून रंग कापडाला धरत नाही. सकाळी कापड उचललं, आणि सारी हाक भुरभुरत भुईवर सांडली.

आबा रागावले नाहीत. त्यांनी चुलीवर सरस चढवला, ढवळायची काठी तिच्या हाती दिली. पुन्हा पिवळा, पुन्हा लाल, पुन्हा वाळवण. आठ दिवस गेले.

त्या आठ दिवसांत मायचा उरलासुरला उजेडही गेला. तिनं कुणाला सांगितलं नाही.

सुकेशनीनं कापड दारालगतच्या भिंतीवर टांगलं. ऊन त्याच्यावर आलं, घर पिवळं झालं.

"दिसते का वो, माय?"

"दिसते नं, बाई! काय सुंदर काढलं बाप्पा! फुलं तं खरीच वाटते."

माय हसत होती. पलीकडच्या, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून.

पोरीनं कापड हलकेच उतरवलं. आणि माय पाहत होती त्या भिंतीपाशी जाऊन, दोन्ही हातांनी ते उंच धरून, उभी राहिली. हात भरून आले, तरी उभीच राहिली.