जाड्याची जागा

लेकीने दाराला बाहेरून कुलूप घालायला सुरुवात केली, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. मी फौजेतला मेजर. निवृत्तीनंतर बर्फात, नकाशात नसलेल्या वाटा शोधत हिंडलो. आणि मला बसस्टॉपवरून घर सापडलं नाही म्हणून कोंडून ठेवता? एकदाच तर चुकलो! लेक म्हणते, "तीनदा, बाबा."

खिडकीला जाळी. बूट कपाटावर, माझा हात पोचणार नाही असे.

संध्याकाळी जाड्या आला. माझ्या गिर्यारोहण शिबिरातलं सगळ्यांत भित्रं पोर, आता दोन लेकरांचा बाप. बर्फावर एका दोरीला बांधून कसं चालायचं, हे या पोरांना मी शिव्या घालून शिकवलंय. वाट काढणारा पुढे, पडलेल्याला सावरणारा मागे आणि ज्याचा भरवसा नाही तो मध्ये. जाड्या कायम मध्ये.

"सर, जरा पाय मोकळे करून येऊ," तो म्हणाला. लेकीने बूट काढून दिले. म्हटलं, सुटलो एकदाचा!

जिना अरुंद, एकामागून एकच उतरता येतं. लेक पुढे झाली. जाड्या मागेच थांबलेला.

"रेंगाळतोस काय, गाढवा? मध्ये ये. तुझी जागा विसरलास?"

"नाही सर," तो हळूच म्हणाला. "विसरलो नाही."

पण तो जागचा हलला नाही. लेकही वळली नाही, नुसती थांबून राहिली.

मी कठडा धरला. खाली पोचेपर्यंत मग एकही शिवी तोंडातून निघाली नाही.