रामनाथला हाक

त्या सकाळी अनुपमा बाळाला पाळणाघरात सोडून लगेच निघाली नाही. बँकेत तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

"बसू का जरा इथं?"

"बसा की. पण सतरंजीवर. खुर्चीतल्या माणसाला ही पोरं बिचकतात," पाळणाघरवाल्या पद्मजाबाई म्हणाल्या.

मुलुंडच्या त्या तळमजल्यावरच्या खोलीत पाच-सहा तान्ही लोळत होती. डालड्याच्या डब्यात चिंचोके घालून केलेला खुळखुळा, भिंतीला टेकवलेला आरसा, गुंडाळलेली गोधडी ओलांडायचा खेळ. अनुपमाचं लक्ष त्यात नव्हतं. नऊ महिन्यांचं मूल आपलं नाव ऐकून मान वळवतं, असं तिने मासिकात वाचलं होतं. तिचं वळवत नव्हतं. वाटी आपटली की दचकायचं, कुकरच्या शिट्टीकडे टकमक बघायचं; म्हणजे कान ठीक होते. मग डोक्यातच काही कमी असेल का? हे ती नवऱ्याशीही बोलली नव्हती. बोललं की खरं होईल, असं वाटायचं.

"बाई, हा हाकेला वळत नाही हो," शेवटी तिने सांगून टाकलं.

"हा? हा तर सगळ्यांत तिखट कानाचा. मारा बघू हाक."

अनुपमाने मागून हाक मारली, "बाळा. ए बाळा." त्याच्या शेजारी लोळणारी शुभा वळली, आरशापाशी बसलेला एक जण वळला. तिचा मुलगा चिंचोके वाजवत राहिला.

"असं कसं?" पद्मजाबाईही गोंधळल्या. पदर तोंडावर ओढून त्यांनी रोजचा खेळ मांडला. "कुठं गेला? आमचा रामनाथ कुठं गेला?"

डबा खाली पडला. मान वळली, पदर ओढायला दोन्ही हात पुढे आले.

अनुपमा बघत राहिली. रामनाथ हे तिच्या सासऱ्यांचं नाव. ते गेले आणि वर्षाच्या आत हा झाला, म्हणून तेच ठेवलं. बारशाला आत्याने कानात कुर्र करून सांगितलं, पाळणाघराच्या वहीत लिहिलं, तेवढंच. सासूबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ती सासऱ्यांचं घेत नाही, आणि बापाच्या नावाने पोराला कसं पुकारायचं म्हणून नवरा 'अण्णा' म्हणतो. तिचा तो 'बाळा'. आणि इथं तर सगळीच बाळं.

"घरी काय म्हणता याला?"

"काहीही," अनुपमा म्हणाली. "नाव सोडून."

संध्याकाळी सासूबाई बांगडे तळत होत्या. मुलगा दाराकडे पाठ करून बसला होता. अनुपमाने उंबऱ्यातूनच हाक मारली. ते नाव ती पहिल्यांदाच घेत होती, म्हणून हाक जरा मोठ्यानेच निघाली.

"रामनाथ."

तो वळला आणि हसला. स्वयंपाकघरातला झारा थांबला.

"वायंच हळू मार गो हाक," आतून सासूबाईंचा आवाज आला. "तेंका आरडान बोलावलेला खपा नाय."