पाट्यावरचं पान

सावली गावाजवळच्या आमच्या खेड्यातल्या रुखमाबाईंचा पाटा आता शहरातल्या संग्रहालयात आहे. चार पायांचा, एकाच दगडातून घडवलेला. धानाच्या बांधीत तो नांगराला लागला, तेव्हा किती जुना असेल हे कुणाच्या मनात आलं नाही. तीस वर्षं त्यावर चटणी वाटली गेली.

पाटा गुळगुळीत झाला की त्याला टाकी लावावी लागते, छिन्नीने ठोकून पुन्हा खरबरीत करावा लागतो. एका वर्षी टाकी लावणारी बाई गावात आलीच नाही. मग रुखमाबाईंच्या नवऱ्याने, रोज विहारात जाणाऱ्या बापूरावने, ते काम घरीच केलं. छिन्नी हातात होतीच, म्हणून कडेला एक पिंपळपानही कोरलं.

चार वर्षांपूर्वी पुरातत्त्वाची पाहणी करणारी माणसं आली. पाटा दोन हजार वर्षांचा आहे म्हणाली. बापूरावने तो आनंदाने दिला. कुठे सापडला एवढंच त्यांनी विचारलं. पानाचं कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. त्याच पावसाळ्यात बापूराव वारला. घरात त्याचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा मोठा करून घेतलेला.

यंदा शाळेची सहल संग्रहालयात जाणार होती. मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो असलो तरी मुलं मला सोबत नेतात. रुखमाबाईंची नात दिव्यानी सातवीत आहे. तिच्यासोबत रुखमाबाईही बसमध्ये येऊन बसल्या. मला म्हणाल्या, "मले फक्त त्या पानावर एकडाव हात फिरवाचा हाय, गुरुजी."

पाटा काचेच्या पेटीत होता. दिव्यानीने खालची पाटी मोठ्याने वाचली: कडेवरील पिंपळपान प्राचीन बौद्ध उपासकाने कोरलेले.

"उपासकानं कोरलं हे त खरं हाय," रुखमाबाई म्हणाल्या. "प्राचीन तेवढं नाई."

मुलं हसली. त्याही हसल्या. मग काचेला बोटं टेकवून उभ्या राहिल्या. जरा वेळाने त्यांनी मला हळूच विचारलं, "काच काढतीन का जी?"

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. कारण सांगितल्याशिवाय काच उघडणार नाहीत. कारण सांगितलं तर पाटी चुकीची ठरेल, पाटा पुन्हा तपासायला आत नेतील, आणि तो परत कधी बाहेर येईल ते कुणालाच माहीत नाही. गप्प राहिलो तर दरवर्षी येऊन बाहेरून पाहता येईल.

"अन् हात?"

"हात नाही लावता येणार."

त्या बाकावर जाऊन बसल्या. तेवढ्यात मी मुलांना दुसरी दालनं दाखवून आणली. इजिप्तच्या मातीच्या दिव्यापाशी मुलं बराच वेळ रेंगाळली. परत आलो तेव्हा रुखमाबाई उठून उभ्या होत्या.

"चला, सांगून देऊ."

संग्रहालयाच्या अधिकारी नूतन मॅडम आधी हसून ऐकत होत्या, नंतर हसल्या नाहीत. नवे घाव कोणते, असं त्यांनी विचारलं.

"हे उलटे कलते ते," रुखमाबाई काचेबाहेरून दाखवत म्हणाल्या. "दिव्यानीचा आजा डाव्या हाताचा होता."

मॅडमनी बॅटरीचा उजेड तिरपा धरून पाहिलं. खालचे जुने घाव एका बाजूला झुकले होते, वरचे दुसऱ्या. पानाच्या शिराही तशाच, उलट्या. मॅडमनी बॅटरी विझवली. मग म्हणाल्या की पाटा आजच खाली उतरवावा लागेल. रुखमाबाईंनी मान हलवली.

काच उघडली. मॅडमनी हातमोजे पुढे केले, तशा रुखमाबाईंनी हात मागे घेतला. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मोजे परत खिशात ठेवले.

रुखमाबाईंनी पानाच्या देठापासून टोकापर्यंत बोट फिरवलं. मग सगळा उजवा तळवा टेकवला आणि तसाच ठेवला.

दुपारी बागेत डबे उघडले. रुखमाबाई सोडून सगळे हात धुवायला नळावर गेले. दिव्यानीने आजीला दोनदा हाक मारली.

"तुमी जेवा," रुखमाबाई म्हणाल्या. "मले भूक नाई."

उजवी मूठ त्यांनी पदराखाली धरली होती.