डाव्या डोळ्यातलं जुनं लाल

मित्रांनो, मी एक लाल टोपण आहे. डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीवर मी आले. बाटली कचऱ्यात गेली; मला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी धुऊन एप्रनच्या खिशात टाकलं. तेव्हापासून माझं काम एकच, पेशंटचे डोळे तपासताना लाल दिसणं. मोठ्या यंत्रांचं कौतुक होई, माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे.

एकदा पाच वर्षांची एक मुलगी आली. डावा डोळा किंचित पुढे आलेला.

"टपोरे डोळे आहेत, आत्यावर गेलीय," आजी म्हणाली.

"आत्याचे दोन्ही टपोरे आहेत, आई," मुलीची आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मुलीचा डावा डोळा झाकून मला समोर धरलं. "लाल," मुलगी म्हणाली. मग उजवा झाकला.

"हे दुसरं आहे. जुनं. धुऊन धुऊन विटलेलं."

दोन्ही वेळा टोपण तर मीच होते.

स्कॅनमध्ये डाव्या डोळ्यामागच्या नसेवर गाठ दिसली.

"डोळ्याला दिसतं ते मेंदूपर्यंत नेणारी ही नस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ हळू वाढणारी आहे. कापायला गेलं तर या डोळ्याची नजरही जाईल. म्हणून सलाइनमधून औषधं देऊन तिला आवरू."

"पहिल्यासारखं दिसेल?" आईने विचारलं.

"तो शब्द देत नाही. आहे ती नजर राखायची."

"मग राखू," आई म्हणाली, आणि तिने मला मागून घेतलं.

दर रविवारी घरी खिडकीपाशी मुलीचा एकेक डोळा झाकून मला धरलं जाई. औषधांनी मुलीला उलट्या होत, पण आईने एक रविवार चुकवला नाही. एकदा मुलगी घाईघाईने म्हणाली, "दोन्हीकडे सारखंच लाल."

"खरं सांग, चिमणे."

"जुनं म्हटलं की तुझं तोंड उतरतं."

पुढच्या रविवारपासून आई मुलीच्या मागे उभी राहू लागली आणि मागूनच हात लांब करून मला धरू लागली.

औषधं संपली. नव्या स्कॅनमध्ये गाठ होती तेवढीच होती. डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा झाकून मला समोर धरलं. आई आपणहून मागे गेली.

"जुनंच आहे," मुलगी म्हणाली. मग नीट बघून, "पण आणखी जुनं नाही झालं."

आईचा चेहरा तिला दिसला नाही. मला दिसला.

मित्रांनो, एका डोळ्याचं उणं दुसरा डोळा झाकून घेतो. म्हणून कधीतरी एकेक डोळा झाकून पाहा, आणि दिसेल तेच घरी सांगा. समोरच्याचं तोंड उतरलं तरी.