ताईचा उजवा पाय

घरात त्याला सगळे चुळबुळ्या म्हणत. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं, निवृत्त झाला, डोक्यावर चार केस उरले, तरी नाव काही सुटलं नाही. बायको गेल्यापासून तो थोरल्या बहिणीकडे राहत होता. चहाचा कप हातात घेऊन तो या खोलीतून त्या खोलीत फिरायला लागला की ताई म्हणायची, "अरे, त्या पंख्याकडे तरी बघ! फिरतो, पण जागा सोडत नाही."

ताई इस्पितळात नर्स होती, तीही आता निवृत्त. वडिलांची जुनी गाडी तिने लेकरासारखी जपली होती. पण गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून उजवा पाय फार वेळ एक्सिलरेटरवर धरला की पोटरीत गोळा यायचा. बाजारापर्यंत ठीक होतं. मुलीचं घर मात्र हायवेवरून लांब, आणि मुलीचं बाळंतपण जवळ आलेलं.

"ड्रायव्हर ठेवू या," तो म्हणाला.

"मागच्या सीटवर ठेवायला मी काय बोचकं आहे? तू लिफ्टवाला ना? माझा पाय मोकळा राहील असं काहीतरी कर."

त्याला शिकवायची गरज नव्हती. याच गाडीच्या महागड्या मॉडेलला कंपनीच क्रूझ कंट्रोल बसवून द्यायची. एकदा वेग ठरवून दिला की गाडी तो आपोआप धरून ठेवायची. भंगारवाल्यांकडे खेटे घालून त्याने तसली एक मोडकी गाडी शोधली आणि तिच्यातलं सगळं सोडवून आणलं: स्टिअरिंगजवळची दांडी, छोटा कंट्रोल बॉक्स, ब्रेक दाबला की क्रूझ कंट्रोल बंद करणारा पेडलचा स्विच, आणि इंजिन हवा खेचेल तसा आक्रसणारा रबरी भाता. हा भाता एका बारीक साखळीने एक्सिलरेटर ओढून धरायचा. गंमत म्हणजे ताईच्या गाडीत डॅशबोर्डखाली क्रूझ कंट्रोलचा प्लग आधीपासूनच लटकत होता. कंपनीने वायर टाकली होती, पुढचं काही दिलं नव्हतं. इतकी वर्षं तो प्लग कशालाच जोडलेला नव्हता.

काम हाताला लागलं तरी त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. एक स्क्रू आवळायचा की उठून अंगणात जायचं, परत यायचं, आवळलेला स्क्रू पुन्हा तपासायचा. ताई मुलीकडे गेली की परत कधी येणार, हे त्याने विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. वरच्या खोलीतून तिच्या कपाटाची दारं उघडल्याचा आवाज आला की त्याच्या हातातला पाना थांबायचा.

सगळं जोडून झाल्यावर दोघं हायवेवर गेली. रस्ता रिकामा होता. ताईने वेग धरला, दांडी दाबली आणि पाय हळूच मागे घेतला. गाडी तशीच चालत राहिली.

"अगं बाई! हिला कळतंय की!" ताई लहान मुलीसारखी हसली.

पुढे वळण आलं. तिने ब्रेक दाबला. गाडी किंचित हळू झाली, पण इंजिनाचा वेग काही खाली येईना. तिने क्लच दाबला तशी इंजिनाने किंकाळीच फोडली. भाता सुटला होता, एक्सिलरेटर मात्र अडकून बसला होता. आयुष्यभर वळवळ करणारा माणूस त्या क्षणी दगडासारखा बसून राहिला.

"किल्ली फिरव," ताई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. तिचा आवाज इस्पितळातला होता. "एकच खटका. काढू नकोस, स्टिअरिंग अडकेल."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. जड झालेलं स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढत ताईने गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडताच त्याला दिसलं. भात्याचं ब्रॅकेट बसवताना त्याने लांब बोल्ट वापरला होता. सैल पडलेली साखळी त्याच्या टोकाला अडकली होती. असली चूक नवशिक्या पोरानेही केली नसती.

"काढून टाकतो सगळं. आत्ताच."

"काढायचं नाही. बोल्ट आखूड घाल."

"ताई, तू मेली असतीस!"

"तूही शेजारीच होतास की."

तो रस्त्याच्या कडेने येरझारा घालू लागला. ताई बघत राहिली. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "लिफ्टमध्ये असं माझ्या हातून कधी झालं नाही. मला वाटतं... तू जाऊ नयेस असं माझ्या मनात होतं. तेच हातात उतरलं का काय, कोण जाणे."

ताईने बॉनेट खाली पाडलं. मग म्हणाली, "मनात काय आहे ते तोंडाने सांगावं, बाबा. बोल्टाने सांगू नये."

त्याने बोल्ट बदलला, साखळीवर पत्र्याचं झाकण बसवलं. रोज गाडी रिकाम्या रस्त्यावर नेऊन ब्रेक दाबून बघितला, ताईला चालवायला लावून बघितलं. त्याचं समाधान होईना, पण इंजिन दर वेळी मुकाट खाली यायचं. ताई मुलीकडे गेली. संध्याकाळी फोन आला: पोचले, पाय ठणठणीत आहे, बाळ दुपारीच आलं, मुलगी आहे.

"परत कधी?" त्याने विचारलंच.

"बघू."

त्या 'बघू'ने त्याला घरात टिकू दिलं नाही. आठवडाभर तो उगाच कड्या-कुलपं तपासत फिरला. मग एक दिवस पान्यांची पिशवी घेतली आणि बसने भाचीच्या दारात जाऊन उभा राहिला.

ताईने दार उघडलं. खांद्यावर बाळ होतं.

"काय रे, काय बिघडलं?"

"ब्रेकचा स्विच बघायला आलोय."

"बरं. आणि ही दुसरी पिशवी?"

"कपडे आहेत."

"हात धू आणि हिला घे," ताई म्हणाली. "कुशीत धरून बसलं की रडते. फिरवणारं माणूस लागतं."