चेंडूची भीती

बाई माझ्याकडे बघून गोड हसली आणि प्रश्न मात्र माझ्या मुलाला विचारला. "काकांना कशाची आवड आहे?"

अर्धांगाचा झटका आला त्यात माझी वाचा गेली, कान नाही गेले. पण हे या शुश्रूषा केंद्रात कोणाच्या गावीही नाही. ही बाई खेळांतून उपचार करणारी. कोणाला काय आवडेल, काय झेपेल हे ताडायचं तिचं काम. तिला पटलं तर माणूस दुपारी खालच्या हॉलमध्ये खेळायला, नाहीतर कायमचा वरच्या मजल्यावर, टीव्हीसमोर. वरून कोणी परत खाली आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. मला त्या मजल्याची भीती वाटते, सरळ सांगतो.

"फुटबॉल!" मुलगा म्हणाला. "बाबांना भारी वेड फुटबॉलचं."

उंटावरचा शहाणा. मी खेळाडू नव्हतो, पंच होतो. पण मैदानाचं तोंड न पाहिलेल्या या दिवट्याला दोन्ही सारखंच.

बाईने एक मऊ पिवळा चेंडू माझ्या चाकाच्या खुर्चीकडे ढकलला. मी चांगला पाय पटकन बाजूला घेतला. पंचाने चेंडूच्या वाटेत यायचं नसतं, ही सवय हाडात मुरलेली. तिने पुन्हा ढकलला, मी पुन्हा पाय उचलला.

"घाबरतात हो चेंडूला," ती मुलाला हळूच म्हणाली. "वरच बरे राहतील. तिथे शांत असतं."

"तुम्हाला योग्य वाटेल तसं," चिरंजीव मोबाईलमधून वर न बघता म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिकलीसवरलेली दोन माणसं, आणि दोघांत मिळून काडीची अक्कल नाही!

लिफ्टकडे जायची वाट हॉलमधूनच होती. तिथे खुर्च्यांवर बसून फुटबॉल चालला होता. फुटबॉल कसला, पोरखेळ. तेवढ्यात एका टकल्याने चेंडू बेधडक हाताने ढकलला आणि "गोल!" म्हणून ओरडला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आमच्या बाईनेही! लबाडाला टाळ्या!

माझा डावा हात ताडकन वर गेला. घशातून आवाज फुटला. शब्द नव्हता तो, पण टाळ्या थांबल्या. मग मी टकल्याकडे बोट रोखलं.

तो लालबुंद झाला. "मी? हात लावला? आंधळा आहेस का रे म्हाताऱ्या? दिसत नसेल तर घरी बस!"

"अहो, असं बोलू नका, ते आजारी आहेत," बाई कळवळली. "बघा, डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. चला काका, वर जाऊ."

पाणी आलं होतं खरं. आजारी पडल्यापासून जो तो माझ्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलत होता. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी माणसासारखं भांडलं. मैदानावर जन्मभर मी हेच ऐकलं होतं.

मी चाक घट्ट धरलं. बाईने जोर लावून पाहिला, मग थांबली. टकल्या तावातावाने भांडतच होता, आणि मी निर्णय बदलणार नव्हतो.