आठ कोकरांची पावती

मित्रांनो, मी बिलं टोचून ठेवायची एक जुनी सळई आहे. खाली लाकडाचा गोल तुकडा, त्यातून वर आलेली वीतभर लोखंडी काडी आणि तिला टोक, एवढीच मी. माझ्यात उघडणारं, फिरणारं, वाजणारं काही नाही. त्यामुळे मी कधी बिघडले नाही, आणि त्यामुळेच माझ्याकडे कधी कोणी नीट पाहिलंही नाही.

टालूंगा गावच्या लोहाराने फाटकाच्या उरलेल्या लोखंडातून मला घासून काढलं. पहिली तीस वर्षं मी पेंड, खिळे आणि गमबूट विकणाऱ्या दुकानाच्या गल्ल्यापाशी उभी होते. मालक दिवसाला चाळीस बिलं माझ्या डोक्यातून आरपार घालायचा. ते दिवस चांगले होते. मग दुकान बंद झालं, सामानाचा लिलाव झाला, आणि मी दाराच्या तीन मुठींबरोबर एका खोक्यात जाऊन पडले. मेरिन लडलोने ते खोकं दोन डॉलरला घेतलं. तिला मुठी हव्या होत्या. मी तिला फुकट पडले. फुकट पडलेल्या वस्तूला घरात किती मान असतो, हे मी सांगायला नको.

मेरिन शाळेची बस चालवायची. तिचा नवरा गार्थ इलेक्ट्रिशियन. दोघांनी साठवलेलं सगळं आणि बँकेचं थोडं घालून गावाबाहेर ऐंशी हेक्टर जमीन, एक घर, एक शेड आणि एकशेदहा मेंढ्या घेतल्या. मेंढ्यांना पैसा लागतो आणि तो मेंढ्या लगेच देत नाहीत, म्हणून गार्थने पश्चिमेकडच्या एका खाणीत नोकरी धरली. दोन आठवडे खाण, एक आठवडा घर.

"दोनच वर्षं," तो निघताना म्हणाला. "तेवढ्यात शेत पायावर उभं राहील."

शेत उभं राहायला तयार होतं, पण त्याला घाई नव्हती. चौथं वर्ष लागलं तरी गार्थ खाणीतच होता.

मेरिनने मला स्वयंपाकघरात उत्तरेच्या खिडकीत ठेवलं होतं. आमचा मुलूख विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे घरातली सगळ्यात उबदार जागा माझी. गावातून आली की ती पिशव्या खाली ठेवण्याआधी पावती माझ्यात खुपसायची. जंताचं औषध, डिझेल, काटेरी तार, जनावरांच्या डॉक्टरांची फी.

"घे बाई, अजून एक," ती म्हणायची.

ती माझ्याशी बोलत नव्हती, हे मला कळतं. पण खोलीत दुसरं कोणी नसायचं, म्हणून मी ते स्वतःवर घ्यायचे.

दुसरं कोणी यायचं ते दुपारी चार वाजता. टेकडीपलीकडचा क्लॅरी टिंडेल. वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. मागच्या पावसाळी वर्षात मेरिनचं टेकडीवरचं कुंपण कोसळलं आणि मेंढ्या रस्त्यावर हिंडू लागल्या, तेव्हा क्लॅरी न बोलावता खांब आणि हातोडा घेऊन आला. सोळा दिवस राबून त्याने कुंपण उभं केलं.

"किती झाले, क्लॅरी?" मेरिनने विचारलं.

"पैशाचं नाव काढलंस तर खांब उपटून घरी नेईन."

मग तिने त्याच्या फ्रीझरसाठी दोन कोकरं दिली. पुन्हा दोन. वर्षभरात आठ. कुठेच काही लिहिलं गेलं नाही. आमच्या भागात शेजाऱ्याची मदत लिहीत नाहीत. लिहिली की हिशोब मिटतो, आणि हिशोब मिटला की माणसाला परत यायला निमित्त उरत नाही. क्लॅरी तर रोज यायचा. चहा प्यायचा, सरकारला नावं ठेवायचा, आणि बिस्किटं मऊ पडली आहेत असं सांगत चार खायचा.

चौथ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये करखात्याचं पत्र आलं. मेरिनने ते उभ्यानेच वाचलं, मग बसून वाचलं, मग फोनवर गार्थला वाचून दाखवलं, म्हणून मलाही ते पाठ झालं. मागच्या वर्षी शेताला तोटा झाला होता. तो तोटा गार्थच्या पगारातून वजा केला तर कापलेल्या करापैकी अकरा हजार डॉलर परत मिळणार होते. पण त्यासाठी त्या वर्षात शेतातल्या मालाची विक्री निदान वीस हजारांची असायला हवी होती. कागद दाखवा, मग परतावा, असं खात्याचं म्हणणं. ते गैर होतं असं मला वाटत नाही. कागद मागणाऱ्यांबद्दल मला आपुलकीच आहे.

"अकरा आले तर ट्रॅक्टरचं कर्ज फिटतं," गार्थ फोनवर म्हणाला. "ट्रॅक्टर फिटला तर मी ऑक्टोबरमध्ये घरी. नाही तर या महिन्याअखेर नवा करार. दोन वर्षांचा."

"कागद सगळे आहेत," मेरिन म्हणाली. "एकही हरवलेला नाही."

ते खरं होतं. फोन ठेवून तिने माझ्यावरची पूर्ण चवड उतरवली आणि टेबलावर पसरली.

कागद कोरे होते.

दुकानांच्या त्या गुळगुळीत पावत्यांची शाई उन्हाने आणि उबेने उडून जाते. मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या जुन्या मालकाच्या काळात बिलं हाताने लिहीत. वर्षभर मी मोठ्या इमानाने पांढऱ्या चिठ्ठ्या सांभाळत उभी होते. मेरिनने दोन-चार उजेडाकडे धरून पाहिल्या. मग गार्थला पुन्हा फोन लावला.

"मी पावत्या नीट ठेवल्या होत्या रे," ती म्हणाली. "फारच नीट ठेवल्या."

दुसऱ्या दिवशी तिने सगळे कागद तसेच क्रमाने परत माझ्यात खोवले आणि मला मोटारीत पुढच्या सीटवर बसवून गावात सोरेनसनबाईंकडे नेलं. या बाई टालूंगातल्या अर्ध्या शेतकऱ्यांचे कर भरतात आणि उरलेल्या अर्ध्यांना दुरून ओळखतात.

बाईंनी मला फिरवून फिरवून पाहिलं. "क्रम तरी सोडला नाही हिने," त्या म्हणाल्या. "बँकेचे उतारे शेजारी ठेवू, तारखा जुळवू, आणि दुकानांकडून नकला मागवू."

इतक्या वर्षांत माझं एवढंच कौतुक झालं. मी ते जपून ठेवलं आहे.

चार दिवस दोघी खपल्या आणि खर्चाची बाजू उभी राहिली. मग विक्रीची. मेंढीबाजाराच्या दलालाचे कागद पक्क्या शाईचे होते. एकशेअठ्ठावीस कोकरं, एकोणीस हजार दोनशे चाळीस डॉलर.

"सातशे साठ कमी," सोरेनसनबाई म्हणाल्या.

मेरिनने डोळ्यांवर हात धरले. बाई तिच्या मेंढ्यांच्या वहीची पानं उलटत राहिल्या.

"कोकरं एकशेछत्तीस होती ना? आठ कुठे गेली?"

"क्लॅरीकडे."

"भेट?"

"भेट नाही. म्हणजे त्यांनी कुंपण घातलं होतं."

"मग ती विक्री झाली. पैशाऐवजी कुंपण मिळालं, एवढंच. दीडशेच्या भावाने बाराशे. तू वीस हजारांच्या वर गेलीस." बाईंनी चष्मा काढला. "पण लेखी हवं. त्यांचं बिल, तुझी पावती. आणि त्यांना ते स्वतःच्या उत्पन्नात दाखवावं लागेल. खोटं काही नाही यात. झालं तेच लिहायचंय."

"त्यांच्याकडे बिल मागू?" मेरिन म्हणाली. "दुसरा काही मार्ग?"

"गार्थने आणखी दोन वर्षं खाणीत काढायची."

त्या दिवशी चारला क्लॅरी आला. मी परत खिडकीत होते, रिकामी.

"क्लॅरी, एक मागायचं होतं."

"कोकरू परत हवंय? उशीर झाला. एक तंगडी उरलीय, ती आणून देतो."

"बिल हवंय. कुंपणाचं."

तो चहा ढवळत राहिला. साखर तो घेत नाही.

"मी बिल दिलं नव्हतं, म्हणून आता मागतेस?"

मेरिनने सगळं सांगितलं. खातं, वीस हजार, सातशे साठ, करार. तिने काही लपवलं नाही आणि काही गोडही केलं नाही. तो ऐकत होता.

"म्हणजे मी मजुरीला आलो होतो."

"नव्हता आलात."

"कागदावर तरी."

"गार्थ घरी येईल, क्लॅरी."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तिथून ते कुंपण दिसतं.

"पेन दे, पोरी. दिवस किती लिहू? सोळा झाले, पण त्यातले तीन मी नुसता बोलत बसलो होतो."

"तेही लिहा."

"बोलण्याचा काय दर धरतात तुझ्या सोरेनसनबाई?" ती हसली नाही, म्हणून तोच थोडं हसला. "बायको गेल्यापासून सरकारला मी एक ओळ लिहिलेली नाही. बरं झालं. मी जिवंत आहे हे तरी कळेल त्यांना."

त्याने लिहिलं, सही केली, कागद तिच्याकडे सरकवला. तिने लिहिलेली कोकरांची पावती घडी करून खिशात घातली. मग कप विसळून पालथा ठेवला. यापूर्वी त्याने कधी कप विसळला नव्हता.

"येतो," तो म्हणाला.

परतावा आला. ट्रॅक्टर फिटला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गार्थ दोन बॅगा घेऊन घरी आला आणि परत गेला नाही. मेरिन त्या संध्याकाळी बराच वेळ त्याच्याकडे नुसती पाहत होती, जणू तो पाहुणा आहे आणि उठेल.

बिल दिल्यापासून क्लॅरी मात्र चारला आला नव्हता. गार्थ आल्यावरही नाही. भांडण काही नव्हतं. रस्त्यात गाडी समोरून आली की स्टिअरिंगवरून एक बोट उचलून ओळख द्यायचा, तेवढं चालू होतं. पण गार्थने खांब ठोकायचं यंत्र अर्धा दिवस मागून आणलं, तर तिसऱ्या दिवशी टपालपेटीत चिठ्ठी: यंत्राचं भाडं, चाळीस डॉलर.

"माणूस सरळ आहे," गार्थ म्हणाला.

मेरिनने चाळीस डॉलर पोचते केले. चारला ती टेबलावर दोन कप मांडायची आणि दुसरा गार्थ घ्यायचा. तरी दाराकडे तिचं लक्ष असे.

आता ती पावत्यांचे फोनवर फोटो काढते. शहाणपणाचं आहे. मला तिने शेडमध्ये, औषधाच्या डब्यांशेजारी फळीवर ठेवलं. कालपर्यंत माझ्यावर एकच कागद होता, क्लॅरीचं बिल, कारण असा कागद पाच वर्षं ठेवावा लागतो. दिवसच्या दिवस कोणी येत नाही. मी त्या बिलावरचं अक्षर वाचते. बोलण्याचे तीन दिवस त्याने खरंच धरले आहेत.

मित्रांनो, नवं शेत सुरू कराल तर पावत्या सावलीत ठेवा आणि त्यांच्या नकला काढा. दिल्या-घेतल्याची नोंद त्याच दिवशी करा, म्हणजे ती वर्षाने मागायला जावं लागणार नाही. आणि कोणाकडून कागद घ्यावाच लागला, तर दुसऱ्या दिवशी काही काम नसताना त्याच्या घरी जा. मेरिन इकडे चारची वाट पाहत राहिली. क्लॅरीही तिकडे तेच करत असावा. दोघांनाही वाटत होतं की आता पाळी दुसऱ्याची.

आज ती गार्थशी बोलत शेडमध्ये आली. सकाळी तिने क्लॅरीला एक कोकरू नेऊन दिलं होतं, सहज, आणि त्याने दारातच दीडशे डॉलर मोजून हातात ठेवले होते. वर म्हणाला होता, "पावती देशील ना?" तिने माझ्या शेजारी, पिंपाच्या झाकणावर पावतीपुस्तक ठेवून पावती लिहिली. नक्कल माझ्यात टोचली. अस्सल फाडून हातात घेतली, आणि थोडा वेळ तिच्याकडे पाहत उभी राहिली. मग ते दीडशे डॉलरही त्याच हातात घेतले, घरातून बिस्किटांचा पुडा आणला आणि गाडी काढली.

टपालपेटीत पावती टाकून यायला दहा मिनिटं पुरतात. ती गेली तेव्हा चार वाजत होते. आत्ता बाहेर गार्थ कुत्र्यांना खायला घालतोय, म्हणजे साडेपाच झाले. गाडी अजून आलेली नाही.